जुनं ऑटो एजर घ्यावं का? (चष्म्याच्या काचा घासायचं मशीन)

नायगावचा_चष्मेवाला

नमस्कार मंडळी. दादर पूर्वेला नायगावात आमचं चष्म्याचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. काचा घासायला आजवर हँड एजर आणि आमचे फिटर. ते आता कायमचे गावी चाललेत, आणि हाताने बेव्हल काढणारा नवा मुलगा शोधून मिळत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, "ऑटो आहे का? मग येतो."

ओळखीतलं एक दुकान बंद होतंय. त्यांचं जपानी बनावटीचं ऑटो एजर ट्रेसर आणि ब्लॉकरसकट विकायला आहे. घ्यावं का? घेताना काय बघावं? की सरळ प्रिन्सेस स्ट्रीटच्या एखाद्या फिटरकडे पाकिटं पाठवत राहावं?

आमचं काम मुख्यतः रेडी स्टॉकच्या सिंगल व्हिजनचं (एकाच नंबरच्या काचा), म्हणजे सीआर (साधं प्लास्टिक) आणि पॉलीकार्बोनेट, अधूनमधून १.६७ (जास्त इंडेक्सची पातळ काच). प्रोग्रेसिव्ह लॅबमधूनच फिटिंग होऊन येतात. जागेची बोंब आहे म्हणून मशीन पोटमाळ्यावर चढवायचा विचार आहे. भावाबद्दल कुणाला सांगायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको.

टवाळ_पोपट

चष्म्याच्या काचा घासतात हेच आज कळलं. मला वाटायचं फ्रेमबरोबर मापाच्या येतात. काकांनो, जरा आमच्यासारख्यांनाही समजेल असं लिहा. खुर्ची ओढून बसलोय.

फिटरकाका

पोपटराव, काच येते गोल. ६५, ७० नाहीतर ७५ मिलिमीटर व्यासाची. तिला आम्ही अनकट म्हणतो. ती फ्रेमच्या आकाराची करायची आणि कडेला फ्रेमच्या खाचेत अडकेल अशी टोकदार धार, म्हणजे बेव्हल, ठेवायची. एवढंच एजरचं काम.

खऱ्या काचेच्या काचा होत्या तेव्हा फर्मा ठेवून हिरकणीने रेघ मारायची, बाहेरचा भाग पकडीने टिचवत आकाराजवळ आणायचा, मग पाणी टपकत असलेल्या चाकावर दोन्ही हातांनी फिरवत घासायचा. पुढे फर्म्याची मशीनं आली. एकाच दांड्यावर प्लास्टिकचा फर्मा आणि काच. फर्मा टेकेल तिथे काच थांबायची. आता ट्रेसरची सुई फ्रेमच्या खाचेतून फिरते, शेकडो ठिकाणी त्रिज्या मोजते आणि तो आकार एजरकडे जातो. आधी भरड चाक, मग व्ही खाचेचं बारीक चाक, हवं असेल तर पॉलिश. चाकं हिऱ्याच्या कणांची.

धागाकर्त्यांना माझं एकच सांगणं. एजरला काचेचा मध्य कळत नाही. तुम्ही जिथे ब्लॉक (काच मशीनमध्ये धरायची चकती) चिकटवलात तो त्याच्या लेखी मध्य, आणि ब्लॉक ज्या दिशेने लावलात तो त्याचा १८० चा अ‍ॅक्सिस, म्हणजे आडवी दिशा. चुकीचा ब्लॉक लावलेली काच तो इतकी सुबक घासून देईल की फ्रेममध्ये टचकन बसेल आणि गिऱ्हाईक चार दिवसांनी डोकं धरून येईल. हँड एजरवर फिटर काच फ्रेमला लावून लावून बघत असतो, त्यामुळे त्याला मधेच शंका येते. ऑटोवर दार बंद झालं की काच बाहेर येईपर्यंत कुणी बघत नाही. म्हणून मशीन जुनं घेतलंत तरी चालेल, पण ब्लॉक लावणारा ब्लॉकर आणि काचेचा नंबर मोजणारा लेन्सोमीटर धड हवेत.

उणे_सात

काकांना अनुमोदन, आणि हे गिऱ्हाईकाच्या बाजूने लिहितेय. माझा नंबर −७, सिलिंडर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) −२. मागच्या वर्षी उपनगरातल्या एका दुकानातून चष्मा केला. घातला की जमीन एका बाजूला तिरकी. दुकानदाराचं म्हणणं, "सवय होईल." दुसरीकडे लेन्सोमीटरवर दाखवला तर एका काचेचा अ‍ॅक्सिस दहा अंश फिरलेला. फिटिंग मात्र इतकं सफाईदार की बघत राहावं! असं होतं तरी कसं?

दृष्टिक्षेप

मी ऑप्टोमेट्रिस्ट. −२ च्या सिलिंडरमध्ये दहा अंशांची चूक म्हणजे जवळपास ०.७० डायॉप्टर सिलिंडर भलत्याच दिशेला शिल्लक राहतो. सवय होण्यातली गोष्टच नाही ती. तीस अंश चुकला तर जेवढा सिलिंडर दिला तेवढाच शिल्लक राहतो, म्हणजे दिला काय आणि न दिला काय.

ब्लॉक नीट लावूनही हे होतं. हल्लीच्या कोटिंगवर पाणी आणि तेल टिकत नाही, इतका वरचा थर गुळगुळीत असतो. ब्लॉक चिकटवायचा पॅडही त्यावर नीट धरत नाही. चाकाचा जोर आला की ब्लॉकखालची काच फिरते. मशीनचा दांडा बरोबर फिरतोय, काच मात्र मागे राहतेय. मोठ्या फ्रेमला आणि जाड काचेला जास्त, कारण चाक मध्यापासून लांब लागतं आणि घासायचा मालही जास्त असतो.

त्यासाठी घसरू नये म्हणून आधी काचेवर लावायचे पातळ स्टिकर मिळतात, त्यांच्यावर पॅड. काही कंपन्यांच्या काचांवर तात्पुरता थर येतो, तो काच घासून होईपर्यंत पुसायचा नाही. पॅड एकदाच वापरायचा. पैसे वाचवायला तोच पॅड दुसऱ्या काचेला लावणारे लोक मी बघितलेत.

फिटरकाका

यात एक भर. ब्लॉक लावला की मार्करने काचेवरून ब्लॉकच्या कडेवर जाणारी एक सरळ रेघ मारा. काच घासून झाली की ब्लॉक काढायच्या *आधी* रेघ बघा. तुटलेली दिसली तर काच फिरली. ब्लॉक काढलात की पुरावा गेला.

मशीनमध्ये काच दाबून धरायचा जोर कमी-जास्त करता येतो, तोही बघा. घसरू नये म्हणून जोर वाढवून ठेवतात आणि पातळ काचेच्या कोटिंगला मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाहीत. गिऱ्हाईकाला मात्र रात्री समोरून गाडी आली की दिसतात.

उणे_सात

धन्यवाद दोघांचे. दुसरं दुखणं विचारून घेते. १.६७ घेऊनही काच कानाकडच्या बाजूला जाड दिसते. सगळे सांगतात १.७४ घ्या. त्याने खरंच फरक पडेल का?

दृष्टिक्षेप

फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला माप लिहिलेलं असतं, ते आणि तुमचा पीडी (दोन बुबुळांमधलं अंतर) सांगता?

उणे_सात

५४-१८-१४०. पीडी ६२.

दृष्टिक्षेप

अपेक्षेप्रमाणेच. ५४ (एका काचेची रुंदी) आणि १८ (नाकावरचं अंतर) मिळून ७२. त्यातून ६२ गेले, उरले १०, म्हणजे प्रत्येक काच नाकाकडे ५ मिलिमीटर सरकवावी लागते. तुमच्या बुबुळासमोरच्या बिंदूपासून कानाकडची कड २७ अधिक ५, ३२ मिलिमीटरवर पडली. −७ च्या १.६७ काचेची जाडी तिथे साधारण साडेसहा मिलिमीटर निघते. त्याच फ्रेममध्ये १.७४ घेतलीत तर सहाच्या जरा वर. अर्ध्या मिलिमीटरसाठी केवढे पैसे!

त्याऐवजी ४८-२० ची फ्रेम घ्या. सरकवायची ३ मिलिमीटर, कड २७ वर, जाडी त्याच १.६७ मध्ये पाचच्या आसपास. दीड मिलिमीटर नुसत्या फ्रेमने गेलं. मधल्या भागाची जाडी मी १.३ धरली आहे.

धागाकर्त्यांसाठी हाच हिशोब उलट बाजूने. त्या ५४ च्या फ्रेमची सगळ्यात लांब तिरकी लांबी ५७ असेल तर ५७ अधिक दोनदा ५, वर घासायला २, असं ६९ झालं. ६५ ची अनकट लावलीत तर कानाकडे काच अपुरी पडणार. मग काही फिटर ती "थोडीशी" कानाकडे सरकवून बसवतात. −७ ला ३ मिलिमीटर सरकवली की एका डोळ्याला २.१ प्रिझम लागला. डोकं दुखणारच.

गिरणगाव

सगळं वाचतोय. पण हँड एजरला एवढं हिणवू नका राव. लालबागला आमच्याकडे अजून चालू आहे. बोर्ड उडाला असली कारणं त्याला नाहीत. मोटर आणि चाक, बस. जुन्या मापाच्या फ्रेमला, वाकड्या झालेल्या फ्रेमला, एक काच फुटून दुसरी तिला जुळवायची असेल तेव्हा हातच लागतो.

आणि ऑटोमधून निघालेल्या काचेच्या कडा कोण मोडणार? बेव्हलच्या दोन्ही बाजूंना जी धारदार कड राहते ती हाताने चाकावर हलकी मोडली नाही तर कोटिंग तिथूनच सुटायला लागतं, काचेची असेल तर कपचा उडतो. नवीन मशीनं ती कड स्वतः मोडतात, जुन्यात ही सोय असेलच असं नाही. धागाकर्ते, ऑटो घ्या, पण हँड एजर भंगारात देऊ नका.

नायगावचा_चष्मेवाला

गिरणगाव, ते विकायचं नव्हतंच. वडील दुकानाबाहेर काढतील मला.

जुनं मशीन कसं पारखायचं यावर कुणी सांगेल का?

बेअरिंग_बुश

मी दुरुस्तीवाला, आपला अनुभव लिहितो. कंपन्यांची नावं घेऊन भांडण लावत नाही. निडेक, टॉपकॉन, ह्युविट्झ, वेको, एसिलोर सगळ्यांची जुनी मशीनं मुंबईत चालतायत आणि सगळ्यांची बंद पडलेलीही बघितलीत.

आधी मागची पाटी वाचा. जपानमध्ये वापरून इकडे आलेलं असेल तर १०० व्होल्टवर चालणारं असू शकतं. आपल्याकडच्या २३० वर लावलंत तर पहिल्याच दिवशी आतला पॉवर सप्लाय गेला.

मग मशीन थोडं उचलून खालून टॉर्च मारा. चाळीस-पन्नास किलोचा ऐवज असतो, दोन माणसं न्या. बुडाला गंजाचे ओघळ दिसले तर सील गळतंय. पाण्याची खोली आणि इलेक्ट्रॉनिक्सची खोली यांच्यामधलं सील गेलं की मुंबईच्या पावसाळ्यात बोर्ड टिकत नाही. तिथूनच परत फिरा.

चाकं. भरड चाक चकचकीत दिसत असेल तर हिऱ्याचे कण गेले. चाकाला धार द्यायची पांढरी काडी मिळते, ती भिजवून लावली की माती बसलेलं चाक उघडतं, संपलेलं चाक उघडत नाही. विकणारा म्हणेल "काडी मारली की झालं." समोर मारून दाखवायला सांगा. बारीक चाकाची व्ही खाच पण बघा. खाचेचा तळ झिजून गोल झाला असेल तर बेव्हलचं टोक बोथट येतं आणि काच फ्रेममध्ये खुळखुळते. अजून एक विचारा, त्यावर पूर्वी खऱ्या काचा घासल्यात का आणि कोणत्या चाकावर. प्लास्टिकच्या भरड चाकावर काच घातली की चाकाचं वाटोळं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालवून बघा. सोबत स्वस्तातल्या बिननंबरी सीआर काचा न्या. एका फ्रेमचा ट्रेस घ्या, त्यावर दोन काचा कापा, कॅलिपरने आडवं-उभं मोजा. दोघींत ०.१ पेक्षा जास्त फरक नको. ०.१ म्हणजे किरकोळ वाटतं, पण व्यासात ०.१ म्हणजे परिघात ०.३. मेटल फ्रेमचा स्क्रू आवळताना तेवढं बरोबर जाणवतं. मग एका काचेवर मधोमध आडवी रेघ मारा, रेघ १८० वर धरून ब्लॉक लावा आणि चौकोनी आकार कापा. रेघ चौकोनाच्या वरच्या-खालच्या कडेला समांतर आली तर अ‍ॅक्सिस ठीक. तिरकी आली तर दोष ब्लॉकरचा की एजरचा ते आधी शोधावं लागेल.

काचेच्या पुढून-मागून टेकणाऱ्या ज्या दोन सुया आत असतात त्या वाकलेल्या नाहीत ना, ते बघा. त्या काचेची गोलाई आणि जाडी वाचतात आणि त्यावरून बेव्हल कुठे ठेवायचा ते ठरतं. त्या चुकल्या की बेव्हल जाड काचेच्या अगदी मागे जातो आणि काच फ्रेमच्या पुढे येऊन डोकावते.

नायगावचा_चष्मेवाला

वाचनखूण साठवली. असं कुणी समोर बसवूनही सांगितलं नव्हतं. पॉलीकार्बोनेटसाठी वेगळं काही?

बेअरिंग_बुश

आहे ना. पॉलीकार्बोनेट कापलं जात नाही, तापून मऊ होतं. भरड घासताना त्याची पूड न होता शेवया निघतात. त्यामुळे भरड घासणी कोरडी आणि शेवटचा हात पाण्यात, असा वेगळा प्रोग्राम लागतो. फार जुन्या मशीनमध्ये तो नसतो. मग पॉली पाण्यातच घासायचा प्रयत्न होतो, कडेला वितळलेली झालर चिकटते, चाक भरून जातं. मेनूमध्ये पॉलीचा पर्याय दिसतो का, तो निवडल्यावर पाणी खरंच थांबतं का, बघून घ्या. आणि मशीनच्या आतल्या शेवया रोज काढा, नाहीतर त्या पंपात जातात.

फिटरकाका

१.६७ चं राहिलं. त्या प्लास्टिकमध्ये गंधक असतं, घासताना नासक्या लसणीचा वास सुटतो. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असेल तर ते गटाराकडे बघायला लागतं. एक्झॉस्ट हवाच. पोटमाळ्यावर खिडकी आहे का?

टवाळ_पोपट

म्हणजे १.६७ वाले खर्च जास्त करतात आणि वासही जास्त सोडतात. हलके घ्या.

नायगावचा_चष्मेवाला

पोटमाळ्यावर खिडकी नाही. आणि पाणी बादलीने वर न्यावं लागेल.

बेअरिंग_बुश

मग पोटमाळा रद्द समजा. टाकीतलं पाणी फिरत राहतं, त्यात घासलेल्या मालाचा गाळ साचतो. वर फळीवर मशीन असेल तर थरथर होते, मापात फरक पडतो, आणि एखादी नळी सुटली की गाळाचं पाणी थेट खालच्या शोकेसमधल्या फ्रेमवर. खाली, पक्क्या कट्ट्यावर, लेव्हल धरून बसवा. बोअरवेलचं किंवा टँकरचं खारं पाणी घालू नका, नोझलमध्ये क्षार धरतात. आपलं पालिकेचं तलावाचं पाणी उत्तम. फेस फार येत असेल तर फेस मोडणारं औषध मिळतं, साबण-सोड्याचे प्रयोग नकोत.

दृष्टिक्षेप

साइजबद्दल एक सोपी तपासणी सुचवते, महागडं काही लागत नाही. काच फ्रेमला मोठी झाली की दाबली जाते. मेटलमध्ये स्क्रूच्या ठिकाणी फट राहते म्हणून कळतं, प्लास्टिक फ्रेममध्ये कळत नाही. एलसीडी मॉनिटरवर पांढरा पडदा लावा, त्यासमोर तयार चष्मा धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून, मान तिरकी करत पडदा काळा होईल तिथे थांबा. काचेत कडेला उजळ, रंगीत पट्टे दिसले तर तिथे ताण आहे. पॉलीकार्बोनेटमध्ये साच्यातून निघतानाचाच ताण असतो, त्यामुळे फ्रेममध्ये घालण्याआधी एकदा आणि नंतर एकदा बघून तुलना करा.

प्लास्टिक फ्रेम गरम करून काच बसवता तेव्हा हवा फ्रेमवर सोडा, काचेवर नाही. काचेचं प्लास्टिक जास्त फुगतं, कोटिंग तेवढं फुगत नाही, आणि कोटिंगला तडे जातात. मग दोष काचेच्या कंपनीवर ढकलला जातो.

गिरणगाव

हे मॉनिटरचं भन्नाट आहे. आत्ताच करून बघितलं. आमचे तीन चष्मे "नापास".

नायलॉन तारेच्या फ्रेमचं कुणी बोललं नाही. खाच पाडायचं मशीन वेगळं असेल तर त्याचीही किंमत धरा. कड निदान दीड-पावणेदोन मिलिमीटर असेल तरच खाच पाडा. प्लस नंबरची पातळ कड असेल तर गिऱ्हाईकाला सरळ दुसरी फ्रेम दाखवा. आणि रिमलेसला सीआर लावू नका, स्क्रूच्या भोकापासून तडकते. पॉली नाहीतर ट्रायवेक्स (तेही सहज न तडकणारं प्लास्टिक).

फिटरकाका

रिमलेस पहिले सहा महिने घेऊच नका. प्रिन्सेस स्ट्रीटला पाठवा. तेवढं काम बाहेर गेल्याने काही बिघडत नाही. रोजचा माल दुकानात झाला तरी पाकिटं घेऊन मरीन लाइन्सच्या फेऱ्या मारणाऱ्या मुलाचा निम्मा वेळ सुटेल.

नायगावचा_चष्मेवाला

ठरलं मग. शनिवारी दुकान लवकर बंद करून बघायला जातोय. सोबत बिननंबरी सीआर, एक पॉली, मार्कर, कॅलिपर, टॉर्च. खाली काउंटरमागे जागा करायला एक फ्रेमचं कपाट हलवावं लागेल, ते वडिलांनी मान्य केलं. व्यनिमधून भावाचा अंदाज आला, विकणारा सांगतोय तो आकडा त्यापेक्षा बराच वर आहे. चाकं संपलेली निघाली तर तेवढे कमी करायला सांगेन.

बेअरिंग_बुश, १०० व्होल्टचं निघालं तर सोडून द्यायचं का?

बेअरिंग_बुश

सोडायचं कारण नाही. ट्रान्सफॉर्मर लोहार चाळीत मिळेल. पाटीवर जेवढे व्हीए (वीज ओढायचं माप) लिहिलेत त्यापेक्षा मोठा घ्या, कारण मोटर सुरू होताना जास्त ओढते. अर्थिंग काढून घ्या, पाण्याचं मशीन आहे. आणि शनिवारी दोन-तीन काचा सलग कापा. पहिली बहुतेक नीटच निघते, आतलं तापल्यावर काय करतं ते तिसरीला कळेल.